सीट कुणाच्या मापाची?

भाकरी तव्यावर असेल तर आधी ती उलटा आणि मग ऐका. आज आम्ही इतिहास सांगणार आहोत, पण राजा-राण्यांच्या लढायांचा नाही. सायकलच्या सीटचा. आपण गावाकडं 'शीट' म्हणतो, तीच ती. तुम्ही म्हणाल, सीटला कसला आलाय इतिहास? आम्हालाही तसंच वाटलं होतं. पण बचत गटाच्या एका बैठकीत असं काही घडलं, की या सीटची चौकशी करावीच लागली.

बैठक एका ताईंच्या घरी होती. पडवीत नवी कोरी सायकल भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या सीटवर कोंबडी बसली होती. ताईंची मुलगी आठवीत. शाळा अडीच किलोमीटर लांब. शाळेतून सायकल मिळाली, सगळ्यांनी पेढे खाल्ले, पोरगी महिनाभर सायकलनं गेली आणि मग पुन्हा पायी जायला लागली. आम्ही विचारलं, "का गं, सायकल का सोडली?" पोरगी काही बोलेना. आई म्हणाली, "आळस, दुसरं काय!" आम्हीही मग तिला चार शब्द सुनावले. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत नसते, आमच्या वेळी असं काही नव्हतं, वगैरे वगैरे. पोरीनं खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं.

संध्याकाळी भांडी घासताना ती आजीजवळ बोलली. "आजी, सीटवर बसलं की पुढं टोचतं. घासून कातडं निघतं. लघवीला आग होते. हे सरांना सांगू का सायकलवाल्या दादाला सांगू?" आजीनं दुसऱ्या दिवशी आम्हाला गाठलं. म्हणाली, "तुम्ही पोरीला बोललात, पण सीटला काही बोलला नाहीत."

ज्याचं जळतं त्याला कळतं, ते असं. त्या दिवशी आमची मान खाली गेली. आणि मग आम्ही शोध घ्यायला लागलो, की ही सीट आली कुठून, ती कुणाच्या मापानं बनली, आणि तिच्यापायी त्रास झालेली आमची पोरगी पहिलीच का?

पहिली मुळीच नव्हती. बाईनं कशावर बसायचं, कसं बसायचं, हा वाद सायकलच्याही आधीचा आहे. तो घोड्याच्या खोगिरापासून सुरू होतो, आणि त्यात आपल्याच मातीतली एक बाई भेटते.

बायजाबाई शिंदे हे नाव काहींनी ऐकलं असेल. कोल्हापूरजवळच्या कागलच्या घाटगे घराण्यातली ही लेक. ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांशी तिचं लग्न झालं. नवऱ्यामागं तिनं काही वर्षं ग्वाल्हेरचा कारभार पाहिला, आणि १८३३ साली तिला ग्वाल्हेर सोडावं लागलं. पुढं १८३५ साली तिचा मुक्काम गंगेकाठी फतेहगडला असताना फॅनी पार्क्स नावाची एक इंग्रज बाई तिला भेटायला आली. ही फॅनी घोड्यावर बसणारी होती, पण त्या काळच्या इंग्रज रिवाजानं. म्हणजे दोन्ही पाय घोड्याच्या एकाच बाजूला सोडून, अंग पिळून बसायचं. पाय फाकून बसणं इंग्रजांकडं बाईला शोभत नाही, असं मानलं जाई. त्यासाठी वेगळं एकबाजू खोगीर असे.

बायजाबाईंच्या गोटातल्या बायकांना याचं फार नवल वाटलं. कारण त्या नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून दोन्ही बाजूंना पाय टाकून सरळ बसत. घोडदौड करायची तर तोल मध्ये हवा, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. फॅनीनं आधी आपली रीत त्यांना दाखवली. मग तिनं मराठी बायकांसारखा वेष केला आणि त्यांच्या पद्धतीनं घोड्यावर बसून पाहिलं. तिला ते इतकं सोपं आणि सुखाचं वाटलं, की इंग्रज बायकांना एका बाजूला बसायला लावणाऱ्या जुन्या राणीलाच तिनं नावं ठेवली. हे सगळं तिनं स्वतः आपल्या प्रवासाच्या पुस्तकात लिहिलंय. ते पुस्तक १८५० साली छापलं गेलं.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या. फॅनीचं अंग बदललं नव्हतं. घोडाही तसाच होता. बदललं ते बसायचं साधन आणि अंगावरचं कापड. तेवढ्यानं त्रास गेला.

आता सायकलकडं येऊ. जर्मनीत कार्ल ड्राइस नावाचा माणूस होता. १८१७ साली मानहाइम गावात त्यानं दोन लाकडी चाकांची गाडी चालवून दाखवली. तिला पायडल नव्हतं, चेन नव्हती. मधल्या बैठकीवर बसायचं आणि पायानं जमीन ढकलत पळायचं. बैठक म्हणजे एका लाकडावर बांधलेली गादी. अंतर कमी, वेगही बेताचा, म्हणून भागलं.

पुढं १८६० च्या दशकात पॅरिसला मिशो घराण्याच्या कारखान्यात पुढच्या चाकाला पायडल लावलेल्या गाड्या व्हायला लागल्या. चाकं लाकडाची, त्यावर लोखंडी धाव, आपल्या बैलगाडीला असते तशी. रस्ते दगडांचे. त्या गाडीला इंग्लंडात लोक 'हाडं खिळखिळी करणारी' म्हणत. बसणाऱ्याला थोडा झोका मिळावा म्हणून बैठकीखाली लांब लोखंडी पट्टी असे. तिच्यावर बसलेल्या माणसाला ती पुरत नसावी, हे त्या नावावरूनच कळतं.

मग आली ती पुढचं चाक प्रचंड मोठं आणि मागचं चिमुकलं असलेली सायकल. बसणारा चाकाच्या वर, जवळजवळ माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर. घोळदार झगा घालणाऱ्या बायकांना त्यावर चढणंच शक्य नव्हतं. हौस असलेल्या आणि पैसा असलेल्या बायका तीनचाकी चालवत. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीनंही १८८१ साली तीनचाकी मागवल्या होत्या.

बसायच्या जागेचा कुणीतरी मनापासून विचार केला तो याच सुमारास. इंग्लंडात बर्मिंगहॅम गावी जॉन ब्रुक्स नावाचा कारागीर होता. १८६६ पासून त्याचा घोड्याचं सामान आणि चामड्याच्या वस्तू बनवायचा धंदा. असं सांगतात, की त्याचा घोडा मेला. नवा घ्यायला पैसे नव्हते, म्हणून कामावर जायला त्यानं सायकल मागून आणली. तिच्या लाकडी सीटनं तो हैराण झाला. खोगिराच्या धंद्यातला माणूस, त्यानं स्वतःच सीट करायचं मनावर घेतलं आणि १८८२ साली आपल्या चामडी सीटचा हक्क सरकारदरबारी नोंदवला.

त्या सीटची युक्ती साधी आहे. जाड चामडं मागं आणि पुढं लोखंडी सांगाड्याला ताणून बांधायचं. खाली पोकळी. आपल्याकडं बाजेची नवार किंवा सुंभ ताणतात, तसंच. बसणाऱ्याच्या वजनानं चामडं हळूहळू त्याच्या अंगासारखं दबतं. सैल पडलं तर पुढच्या टोकाखालचा नट फिरवून पुन्हा ताणायचं. आपल्या जुन्या काळ्या सायकलींच्या चामडी सीटा याच जातीच्या. आजोबांच्या सायकलवर दुसरा कुणी बसला की त्याला ती सीट बोचायची, याचं कारणही हेच. ती आजोबांच्या अंगाला वळलेली असायची.

यानंतर दोन मोठे बदल पटापट झाले. १८८५ साली इंग्लंडच्या कॉव्हेंट्री गावात जॉन केम्प स्टार्लीनं साधारण सारख्या चाकांची, मागच्या चाकाला चेन असलेली सायकल आणली. आपली आजची सायकल तिचीच नात. आणि १८८८ साली बेलफास्टला डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरनं आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेली रबरी धाव बसवली. सायकल जमिनीजवळ आली, हादरे कमी झाले, आणि लवकरच बायकांसाठी मधली आडवी दांडी खाली वाकवलेली सायकलही निघाली. युरोप-अमेरिकेत बायका हजारोंनी सायकलवर बसायला लागल्या.

आणि तिथंच ओरड सुरू झाली.

सायकलनं बाईच्या गर्भाशयाला इजा होईल, बाळंतपण अवघड होईल, तिचा चेहरा कायमचा ओढल्यासारखा होईल, तिची चालचलणूक बिघडेल, असं वर्तमानपत्रांतून आणि डॉक्टरांच्या मासिकांतूनही लिहून यायला लागलं. या सगळ्या आरडाओरड्यात एक गोष्ट मात्र खरी होती. सीट खरोखरच टोचत होती. तिचं लांब, वर आलेलं नाक बाईच्या नाजूक जागी दाबत होतं. पण बहुतेकांनी त्यातून काढलेला निष्कर्ष काय? तर बाईनं सायकल चालवू नये. आमच्या त्या ताईंनी काय म्हटलं होतं? "सोडली तर सोडली." एकूण एकच.

पण उलटं बोलणारेही निघाले. अमेरिकेत ब्रुकलिनला रॉबर्ट डिकिन्सन नावाचे बायकांच्या आजारांचे डॉक्टर होते. १८९५ साली त्यांनी डॉक्टरांच्या मासिकात लिहिलं, की सायकल बायकांच्या तब्येतीला चांगली आहे. सीट कशी असावी आणि बाईनं तिच्यावर कसं बसावं, याचाही त्यांनी विचार मांडला. त्याच दशकात सीट बनवणाऱ्यांनी तऱ्हेतऱ्हेच्या नव्या सीटा बाजारात आणल्या. कुठं मध्ये खाच, कुठं हवेची उशी, कुठं नाकच नाही. 'क्रिस्टी' नावाच्या एका सीटला मागं दोन वेगळ्या गाद्या होत्या आणि मध्ये फट. तिच्या जाहिरातीत चक्क माणसाच्या कमरेचा सांगाडा सीटवर बसलेला दाखवत. म्हणजे कुठलं हाड कुठं टेकतं, ते गिऱ्हाइकानं डोळ्यांनी बघावं.

तो सांगाडा आपणही समजून घेऊ. आपण पाटावर बसतो तेव्हा बुडाखाली दोन टोकदार हाडं लागतात. हात घालून बघा, सापडतील. अंगाचा भार घ्यायला निसर्गानं दिलेली जागा तीच. या दोन हाडांमधलं अंतर प्रत्येकीचं वेगळं असतं, आणि सरासरीनं ते पुरुषांपेक्षा बायकांचं थोडं जास्त असतं. सीट अरुंद असली, की ही हाडं तिच्या कडेवरून खाली घसरतात आणि सगळा भार मधल्या मऊ जागेवर येतो. टोचणं, बधिर होणं, कातडं निघणं, हे सगळं तिथून सुरू होतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. हा मापाचा प्रश्न आहे. चप्पल लहान पडली की पाय कापायचा, असं कुणी म्हणतं का?

याच काळातल्या दोन बायका आम्हाला फार जवळच्या वाटल्या. एक फ्रान्सिस विलार्ड. अमेरिकेत दारूबंदीसाठी बायकांची मोठी संघटना होती, तिची ही अध्यक्ष. आपल्यातल्या कितीतरी गटांनी गावात बाटली आडवी केली आहे, त्यामुळं तिची ओळख वेगळी सांगायला नको. वयाच्या ५३ व्या वर्षी ती सायकल शिकली. रोज थोडा थोडा वेळ, साधारण तीन महिने. आणि १८९५ साली त्यावर तिनं पुस्तक लिहिलं. दुसरी मारिया वॉर्ड. तिनं १८९६ साली बायकांसाठी सायकलचं पुस्तक काढलं. त्यात सायकलीचे भाग, हत्यारं, दुरुस्ती, सगळं बायकांना समजावून दिलं. सायकल चालवायला शिकायचं तर पाना धरायलाही शिकायचं, हा तिचा आग्रह. हे दुसरं आपल्याकडं राहूनच गेलं. आपण पोरींना सायकल दिली, पाना दिला नाही.

आता आपल्या देशात येऊ. स्वातंत्र्य मिळालं आणि सायकलींचे मोठे कारखाने उभे राहिले. मद्रासला १९४९ मध्ये टी. आय. सायकल्स, सोनीपतला १९५१ मध्ये ॲटलस, लुधियान्याला १९५६ मध्ये हीरो. दूधवाला, पोस्टमन, मास्तर, गिरणीतला कामगार, सगळ्यांची ती उंच, काळी, दणकट सायकल. मागं कॅरिअर, पुढं दांडी, स्प्रिंगची रुंद सीट. ती पुरुषाच्या उंचीची होती. आपल्यातल्या ज्या कुणी लहानपणी चोरून सायकल शिकल्या, त्या दांडीखालून पाय घालून 'हाफ पायडल' मारत शिकल्या. सीट डोक्याच्या बरोबरीनं. कितीजणींनी सायकल चालवली, पण सीटवर कधी बसल्याच नाहीत!

याला एका जिल्ह्यानं मोठं उत्तर दिलं. तमिळनाडूतला पुदुकोट्टई जिल्हा. १९९१ च्या सुमारास तिथं साक्षरतेची मोहीम जोरात सुरू झाली. शीला राणी चुंकत या बाई तिथं कलेक्टर होत्या. अक्षरांबरोबर सायकलही शिकवायची, असं त्यांनी ठरवलं. बायकांना सायकलीसाठी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून त्यांनी प्रयत्न केले. दगडाच्या खाणीत काम करणाऱ्या, शेतात मजुरीला जाणाऱ्या, अंगणवाडीतल्या, अशा बायका हजारोंनी सायकल शिकल्या. रस्त्यावर पुरुषांचे टोमणे आणि घाणेरडं बोलणं त्यांना ऐकावं लागलं. तरी त्या थांबल्या नाहीत. पत्रकार पी. साईनाथ यांनी तिथं जाऊन हे सगळं लिहिलं, म्हणून ते आपल्यापर्यंत पोचलं.

त्यातली एक गोष्ट आम्हाला फार आवडली. एवढ्या बायकांना पुरतील इतक्या लेडीज सायकली मिळेनात. मग त्यांनी जेन्ट्स सायकली घेतल्या. आणि काहीजणींनी सांगितलं, की आम्हाला दांडीवाली सायकलच बरी, त्या दांडीवर लेकराला बसवता येतं! बघा, कारखान्यानं ठरवलं होतं की बाईला दांडी नको. बाईनं आपल्या कामाकडं बघून ठरवलं की हवी. पाण्याचे हंडे, भाजीची पाटी, मागं एक पोर आणि पुढं एक पोर. कुठली सायकल सोयीची, हे ती चालवणाऱ्या बाईलाच विचारावं लागतं.

त्यानंतर शाळेच्या सायकली आल्या. बिहार सरकारनं २००६ साली नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या दोन अभ्यासकांनी त्याचा हिशेब मांडला. वयाप्रमाणे माध्यमिक शाळेत दाखल असणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं, आणि या बाबतीत मुला-मुलींमध्ये जी तफावत होती ती ४० टक्क्यांनी कमी झाली. शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब होती, तिथं फरक जास्त पडला. आपल्याकडंही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकली मिळतात. गावाच्या रस्त्यानं सकाळी गणवेशातल्या पोरी ओळीनं सायकलवर जाताना दिसतात, तेव्हा छाती भरून येते.

म्हणूनच एखादी सायकल कोंबडीच्या बैठकीसाठी पडून राहिली, तर ती नुसती एक सायकल वाया जात नाही. पायी जाणारी पोर आधी थकते, मग उशीर होतो, मग "जाऊ दे, घरी राहा" होतं, आणि मग घरात स्थळांची चर्चा सुरू होते. हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. आणि त्याचं मूळ कधी कधी एका नटात असतं.

त्या पोरीच्या सायकलला काय झालं होतं, ते सांगतो. सीटचं नाक दोन बोटं वर उचललेलं होतं. गाड्या ट्रकमधून उतरवून घाईघाईनं जोडल्या, तशीच ती राहिली. सीटही उंच होती. त्यामुळं पायडल मारताना ती दर खेपेला डावी-उजवीकडं घसरत होती. म्हणून कातडं निघालं. आजी शेजारून पाना घेऊन आली. आम्ही अर्धा तास खटपट केली आणि सीट सरळ केली, खाली घेतली. पोरगी अंगणात एक चक्कर मारून आली आणि काही न बोलता नुसती हसली. जखमेसाठी आशाताईंनी तिला आरोग्य केंद्रात नेऊन आणलं. आठ दिवसांनी ती सायकलनं शाळेत गेली. आम्ही तिची माफी मागितली, तेही सांगायला हवं.

आता तुमच्या घरी काय करायचं, ते नीट ऐका. लिहून घ्या किंवा पोरीला लिहायला सांगा.

पहिली गोष्ट उंची. सायकलशेजारी उभं राहिलं की सीट साधारण कमरेच्या हाडाशी यावी. मग कुणालातरी सायकल धरायला सांगून वर बसा. पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली, तर पाय सरळ व्हावा, पण कमर एका बाजूला कलू नये. चालवताना आपण टाचेनं नाही, चवड्यानं पायडल मारतो, तेव्हा गुडघ्यात थोडा बाक राहतो. तेवढा हवा. सीट फार खाली असेल तर गुडघे दुखतात, फार वर असेल तर घासतं. शिकणारीसाठी मात्र सीट खालीच ठेवा, दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. धीर आला की थोडी थोडी वर घ्या. वर घेताना सीटचा पाईप नळीत निदान चार बोटं आत राहू द्या. पाईपवर खूण असेल तर तिच्यापुढं जाऊ नका.

दुसरी गोष्ट सपाटी. सीटवर एक सरळ फळी ठेवा आणि बाजूनं बघा. फळी जमिनीला समांतर हवी. नाक वर असेल तर पुढं दाबतं. फार खाली केलं तर अंग पुढं घसरतं आणि हातांवर भार येऊन मनगटं दुखतात. सपाट ठेवून चालवून बघा. तरीही पुढं दाबत असेल, तर नाक अगदी किंचित खाली करा. सीटखाली क्लिपच्या दोन्ही बाजूंना नट असतात, ते सैल करून हे जमतं. नंतर दोन्ही नट घट्ट आवळा.

तिसरी गोष्ट पुढं-मागं. त्याच क्लिपवर सीट थोडी सरकते. हँडल लांब वाटून पाठ ताणली जात असेल तर सीट जरा पुढं घ्या. गुडघे हँडलजवळ अडत असतील तर मागं घ्या. एका वेळी एकच बदल करा आणि दोन दिवस चालवून बघा.

चौथी गोष्ट रुंदी. स्टुलावर जाड पुठ्ठा ठेवून त्यावर ताठ बसा, पाय जरा वर उचला आणि उठा. पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. खळग्यांच्या मधोमध टेपनं मोजा. आपण ताठ बसून सायकल चालवतो, त्यामुळं सीटचा मागचा भाग त्या मापापेक्षा दोन-तीन बोटं रुंद हवा. दुकानात सीट घ्यायला जाताना हे माप घेऊन जा. ब्लाउजचं माप देतो तसंच हे माप. दुकानदाराला "अमुक इंच रुंद सीट दाखवा" एवढंच सांगायचं. कुठं दुखतं, ते सांगायची गरजच पडत नाही.

पाचवी गोष्ट मऊपणा. फार मऊ, फुगीर सीट बघून भुलू नका. गादी दबली की हाडं आत रुततात आणि मधला भाग वर येऊन दाबतो. पाटावर जेवायला बसणं सोपं, पण कापसाच्या ढिगावर बसून जेवता येतं का? सीट जराशी घट्ट हवी. खड्ड्यांचे हादरे घ्यायला खाली स्प्रिंग हवी. रेक्झिन फाटलं असेल, शिवण वर आली असेल, तर आधी ते नीट करा. सलवारीची जाड शिवण मधोमध येत असेल, तर तीही टोचते.

शेवटचं आणि महत्त्वाचं. नव्यानं सायकल चालवताना बसायची दोन हाडं आठ-पंधरा दिवस दुखतात. ते सवयीनं जातं. पण पुढच्या बाजूला बधिर होणं, मुंग्या येणं, जखम, लघवीला आग, हे सवयीनं जात नाही. ते सोसायचं नसतं. सीट बदला, आणि त्रास थांबला नाही तर डॉक्टरांना दाखवा. पुरुषांनाही हा त्रास होतो. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या डॉक्टरांनी पुरुष सायकलस्वारांच्या बधिरपणाबद्दल जाहीर बोलायला सुरुवात केली, आणि मध्ये भोक असलेल्या सीटा जिकडंतिकडं दिसू लागल्या. बायका तर त्याच्या शंभर वर्षं आधीपासून तेच सांगत होत्या. तेव्हा आपण बोलत राहू.

आमच्या गटानं बचतीतून पान्यांचा एक संच घेतलाय. तो गटाच्या पेटीत, हिशेबाच्या वहीशेजारी असतो. शाळेत सायकली वाटतील त्या दिवशी दोघी-तिघी तो घेऊन जाणार, आणि प्रत्येक पोरीला सीटवर बसवून माप बघूनच घरी पाठवणार. तुमच्या गावात हे करता येईल का, ते पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर घ्या. आणि बैठकीहून घरी जाताना कुणाच्या पडवीत सायकल नुसती उभी दिसली, तर पोरीला रागावू नका. आधी सीटला हात लावून बघा, आणि मग तिच्या शेजारी बसून हळू विचारा, "बाळ, बसल्यावर कुठं दुखतं का गं?"